ग्लास खाली घ्या, डोळे उघडा

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गेल्या पस्तीस वर्षांत एकाही माणसाने दारूच्या ग्लासाला हात लावलेला नाही, असे कोणाला सिद्ध करायचे असेल तर त्याचा भक्कम पुरावा कुपवाडच्या आमच्या फोटोवाल्यांकडे आहे. लग्ने, बारशी, निवृत्तीचे निरोप, कारखान्यांच्या मेजवान्या अशी हजारो छायाचित्रे त्यांच्या स्टुडिओतल्या लोखंडी कपाटात आहेत आणि त्यांतल्या एकाही माणसाच्या हातात ग्लास नाही. या पुराव्याला एकच अपवाद आहे. तो घडला तेव्हा मी हजर होतो आणि त्यातला एक ग्लास माझा होता. हे सुरुवातीलाच नोंदवलेले बरे.

मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकात बातमीदार होतो आणि औद्योगिक वसाहतीतल्या कार्यक्रमांची छायाचित्रे आम्ही त्यांच्याकडून घेत असू. बुटकी, रुंद मूर्ती. चार खिशांचा सफारी. आणि दिवाळी संपली की डोक्यावर चढणारी तपकिरी माकडटोपी, जी महाशिवरात्रीपर्यंत उतरत नसे. कॅमेरा डोळ्याला लावताना टोपी आड येई, म्हणून उजव्या डोळ्यावर त्यांनी स्वतः कात्रीने खाच पाडली होती. फोटो काढण्याआधी ते दोन आज्ञा देत. पहिली, "ग्लास जरा खाली घ्या." दुसरी, "डोळं उघडा." गरज असो वा नसो, दोन्ही आज्ञा कोणालाही मिळत. एका बारशाला, जिथे मसाला दूध सोडून दुसरे पेय नव्हते, तिथेही पहिली आज्ञा मी ऐकली आहे आणि मुलाच्या आत्याने दुधाचा ग्लास मुकाट्याने पदराआड घेतलेला पाहिला आहे. कुपवाडच्या कारखानदारांच्या मेजवानीचा त्यांचा फोटो आमच्याकडे आला, त्यात बारा माणसे गोल टेबलाभोवती दोन्ही हात टेबलाखाली घालून अत्यंत गंभीर चेहऱ्याने बसली होती. आमच्या उपसंपादकाने त्याखाली 'लघुउद्योगांपुढील अडचणींवर विचारविनिमय करताना' अशी ओळ दिली. त्या ओळीचा खुलासा कोणी मागितला नाही. दुसऱ्या आज्ञेने मात्र आम्हाला एकदा अडचणीत आणले. एका शोकसभेत अध्यक्षांनी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहायला सांगितले. सारे सभागृह माना खाली घालून, डोळे मिटून उभे राहिले. यांनी कॅमेरा उचलला, आतून पाहिले आणि सवयीने म्हणाले, "डोळं उघडा." सगळ्यांनी उघडले. दुसऱ्या दिवशीच्या अंकात चाळीस माणसे डोळे विस्फारून श्रद्धांजली वाहत होती. दिवंगत गृहस्थ समोरच्या दारातून चालत येत असावेत, असे त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटत होते.

याबद्दल त्यांना विचारले तर ते शांतपणे म्हणत, "आवं, मानूस हाटेलात बसतो दोन तास. फोटो घरात बसतो पन्नास वर्सं. त्याच्या नातवानं काय बघायचं, ते मलाच बघाया लागतं." ही नुसती बढाई नव्हती. कवठे महांकाळच्या एका लग्नात नवऱ्या मुलाचा मामा मानपानावरून रुसून मांडवाबाहेर गेला आणि परत आला नाही. यांनी घरच्यांचा फोटो लावताना वराच्या उजव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी सोडली. लोक म्हणाले, सरकून घेतो. हे म्हणाले, "सरकायचं न्हाई. ती मामांची हाय." अल्बममधल्या प्रत्येक फोटोत ती जागा तशीच आहे. वर्षभराने मामांचा राग गेला, अल्बम पाहायला मागितला, आणि तिसऱ्या पानावर त्यांनी तो मिटून ठेवला व चष्मा पुसायला घेतला. पुढे त्या घरातली तीन लग्ने यांच्याकडेच आली. मांडवात यांचा अधिकार किती, हे एका गोष्टीवरून कळेल. यांनी हात वर करून "एक मिनिट" म्हटले की नवरा मुलगा मंगळसूत्र हवेत धरून थांबे आणि भटजी मंत्र तोंडात धरून. गेली पस्तीस वर्षे मुहूर्त यांच्या हातावर चालत आले आहेत.

त्यांचे थोरले बंधू सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि वडूजला शेती पाहतात. धाकटा भाऊ त्यांना आण्णा म्हणतो आणि त्यांचा फोन आला तर उभा राहून बोलतो. सुभेदारांची मुलगी शिकण्यासाठी या काकांकडे कुपवाडला आली, शिकून तिथल्याच एका कारखान्यात तपासणी विभागात लागली आणि काकांच्याच घरी राहिली. आठवडाभर ती लोखंडाचे सुटे भाग मोजून चुकीचे बाजूला काढत असे आणि शनिवारी बँडमधल्या मुलांबरोबर साताऱ्याला जाऊन महामार्गालगतच्या एका पबात गात असे. काका-काकूंना हे ठाऊक होते. वडूजला नव्हते. थंडी पडू लागली त्या सुमारास कोणीतरी मोबाइलवर काढलेले चित्रीकरण वडूजला पोहोचले. त्यात मुलगी कमी आणि बाटल्या जास्त दिसत होत्या. त्याच संध्याकाळी काकांना उभे राहावे लागले.

"धाकट्या, पोरगी तुज्या भरवशावर ठिवली," सुभेदार म्हणाले. "आता तू सोता जा. फोटो काडून आन. मी बघतो आन् मग ठरवतो, तिनं तितं गायाचं का सामान घिऊन घरला यायाचं."

हे संभाषण मला त्यांनी शब्दशः सांगितले, कारण मला बरोबर न्यायचे होते. "साहेब, तुमी चला संगं. आण्णा माजं ऐकत न्हाईत. पेपरवाल्याचं ऐकतील." पेपरवाल्यांचे कोणी ऐकते, ही बातमी मला नवीन होती. मी गेलो.

त्यांच्या जुन्या व्हॅनमधून आम्ही शनिवारी दुपारी निघालो. पुतणी मागच्या सीटवर शालीत गुंडाळून बसली होती आणि घशाला जपायचे म्हणून बोलत नव्हती. कराड ओलांडल्यावर ती एवढेच म्हणाली, "काका, आहे तसं काढा. लावालावी करू नका."

"मी हाय तसंच काडतो की," काका म्हणाले. त्यांना मनापासून तसे वाटत होते.

साताऱ्यात अंधार पडताना पोहोचलो. बाहेर दात वाजतील अशी थंडी होती आणि आत शेगडीशी बसल्यासारखी ऊब. दार उघडताच कॅमेऱ्याच्या काचेवर धुके धरले. यांनी ते टोपीच्या कडेने पुसले, काच डोळ्याला लावली आणि पहिल्यांदाच त्यांना संपूर्ण सभागृह दिसले. पंचवीस टेबले आणि प्रत्येक टेबलावर ग्लास. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. हजारेक माणसांच्या पंगतीत वाढपी एकटाच आला आहे हे कळल्यावर जसा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला. पण ते कामाला लागले.

"आवं, ग्लास जरा खाली घ्या की." पहिल्या टेबलाने घेतले. दुसऱ्या टेबलाने सांगण्याआधीच घेतले. या भागात कॅमेरा दिसला की हात आपोआप टेबलाखाली जातो. त्याला शिक्षण लागत नाही. चौथ्या टेबलावर मात्र एक दाढीवाला तरुण अडून बसला. "ऱ्हाऊ द्या की काका. पबमधी आलोय, देवळात न्हाई."

"सासुरवाडी कंची तुमची?"

"कोरेगाव."

काकांनी कॅमेरा खाली घेतला. ते नुसते त्याच्याकडे पाहत राहिले. तरुणाने थोडा वेळ विचार केला आणि ग्लास टेबलाखाली नेला. त्याचा मित्र म्हणाला, "आरं बाटली पन घे. सासऱ्याला वाचता येतं."

एव्हाना बँड सुरू झाला होता. गिटार, कीबोर्ड, ड्रम आणि मध्ये पुतणी. दुसरे गाणे ऐन रंगात आले तेव्हा काका टेबलांमधून पुढे गेले, मंचासमोर उभे राहिले, हात वर केला आणि म्हणाले, "एक मिनिट."

बँड थांबला. आजही मला याचे आश्चर्य वाटते, पण घडले ते असे. ड्रमवाल्याच्या काठ्या हवेत राहिल्या. ही मुले याच दोन जिल्ह्यांतली होती. मुंजीपासून लग्नापर्यंत प्रत्येकाला कोणत्या ना कोणत्या फोटोवाल्याने असेच थांबवलेले होते. पुतणीने तेवढा कपाळाला हात लावला. काकांनी चौघांना उंचीप्रमाणे ओळीत उभे केले. ड्रमवाल्यालाही उठवले, कारण बसलेल्या माणसाचा फोटो आजारी दिसतो असे त्यांचे मत आहे. गिटारवाल्याचे केस डोळ्यांवर होते. "केस मागं घ्या. आईनं तोंड वळखाया पायजे." मग "डोळं उघडा", मग लखलखाट. त्यांचा फ्लॅश विहिरीच्या तळाचा फोटो येईल इतका जोरदार आहे. सभागृहातल्या सगळ्यांनी डोळे चोळले. बँडने गाणे पुन्हा पहिल्यापासून घेतले आणि काका पुन्हा टेबलांकडे वळले.

तासाभरात त्यांनी एकशेदहा फोटो काढले. त्यांनी लोकांना ताठ बसवले, मुलींना एका बाजूला घेतले, भिंतीवरची बाटल्यांची फळी एका वेटरला तिच्यापुढे उभे करून झाकली. मग मालक आला. तो सभ्य माणूस होता. त्याने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दहा-बारा फोटो पाहिले आणि विचारले, "काका, हे आमचंच दुकान ना? का शाळेचं गॅदरिंग?" मग हात जोडून म्हणाला, "आता फ्लॅश बास करा. लोक उठून जातील."

काका माझ्या टेबलावर येऊन बसले. ते टेबल मंचासमोरचेच होते. त्यावर माझा ग्लास होता, आणि तो खाली घ्या हे सांगायलाही ते विसरले, इतके थकले होते. त्यांनी सोडा मागवला. कॅमेरा गळ्यात, फ्लॅश बंद. पुतणी त्या वेळी एक संथ गाणे म्हणत होती. गाण्यातले मला फारसे कळत नाही, म्हणून दिसले तेवढेच सांगतो. ड्रमवाला काठ्या मांडीवर ठेवून बसला होता. वेटर दाराशी थांबला होता. कोरेगावचा जावई मंचाच्या कडेला येऊन ग्लास तोंडापाशी नेऊन तसाच राहिला होता. आणि काकांनी कॅमेरा उचलला. तो त्यांनी बराच वेळ डोळ्याला लावून ठेवला, हात वर केला नाही, तोंडाने काही म्हटले नाही. पुतणीने डोळे मिटले. खट्ट असा लहानसा आवाज झाला.

"बोट लागलं," ते मला म्हणाले. मी काही विचारले नव्हते.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही तिघे वडूजला गेलो. अंगणात ऊन आले होते. सुभेदार लोखंडी खुर्चीवर बसले होते; स्वेटर इस्त्री केल्यासारखा, मिशी तशीच. वहिनींनी, म्हणजे मुलीच्या आईने, चहा दिला आणि त्या उंबऱ्याशी थांबल्या. पुतणी पायरीवर बसली. काकांनी निवडक साठ फोटोंचा लिफाफा दिला आणि बसा म्हणेपर्यंत ते उभे राहिले. सुभेदारांनी एकेक फोटो घेऊन टेबलावर पंक्तीत मांडला. निम्मे झाल्यावर ते म्हणाले, "शिस्त लय हाय."

काका खूश झाले. "घरच्यावानीच जागा हाय, आण्णा."

"व्हय." सुभेदारांनी एक फोटो उचलून उन्हात धरला. "आन् ही टेबलावर गोल गोल काय चमकतंय?"

मी वाकून पाहिले. थंड ग्लास उचलून घेतला की त्याखाली पाण्याचे वर्तुळ राहते. यांच्या फ्लॅशने प्रत्येक टेबलावरचे प्रत्येक वर्तुळ चांदीच्या कड्यासारखे उजळले होते. सुभेदारांनी बोटाने दाखवत सांगितले, "ह्या टेबलावर च्यार जन. ह्या टेबलावर सा. हितं बसल्यालं पाच, वर्तुळं सात. दोगं लघवीला गेल्यात." त्यांनी फोटो खाली ठेवला. "बावीस वर्सं मेसमधी बसलोय मी, धाकट्या. ग्लास उचलला की खाली काय ऱ्हातं ते मला म्हाईत न्हाई व्हय?"

काकांनी रिकामा लिफाफा उचलून सरळ केला.

"लपवायजोगं हाय म्हनून लपवलंस न्हवं? मग झालं की." ते उंबऱ्याकडे वळले. "सामान आनाया कवा जायाचं बघा."

पुतणी उठली नाही, रडली नाही. तिने फक्त काकांकडे पाहिले. आहे तसे काढा, हे तिने एकदा सांगितले होते आणि पुन्हा सांगायची तिची इच्छा नव्हती. काकांनी माकडटोपी काढली. थंडीच्या दिवसांत त्यांचे डोके मी प्रथमच पाहत होतो. मग त्यांनी सफारीच्या वरच्या खिशात हात घातला आणि एक फोटो काढला. तो लिफाफ्यात नव्हता.

"ह्यो बाद फोटो हाय, आण्णा. बोट लागलं चुकून."

सुभेदारांनी तो घेतला. मुलगी डोळे मिटून गात होती आणि मंचाच्या कडेला तो कोरेगावचा जावई उभा होता. खालच्या कोपऱ्यात, अगदी पुढे, एक मोठा ग्लास होता.

"ह्यो कुनाचा?"

"सरबत हाय," काका म्हणाले.

"सरबताला फेस?"

"माझा आहे," मी म्हणालो. "आणि सरबत नाही."

सुभेदारांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. सैन्यात बहुधा अशी उत्तरे आवडत असावीत. मग ते पुन्हा फोटो पाहू लागले. आम्ही चहा संपवला तरी ते पाहतच होते. शेवटी त्यांनी त्या जावयावर बोट ठेवले. "ह्यो गडी बघ. ग्लास तोंडापतुर नेलाय आन् तसाच धरलाय. पियाचं इसरलाय."

वहिनी उंबरा सोडून फोटो पाहायला आल्या.

"आमच्या पलटनीत एक लांगरी हुता, सैपाकी. भांडी घासून झाली की गायाचा. तवा मेसमधी असंच व्हायाचं. ग्लास हातातच ऱ्हायाचं." त्यांनी मुलीला विचारले, "डोळं का मिटतीस गं?"

"काकांचा फ्लॅश डोळ्यावर येतो."

"ह्यात तर फ्लॅश न्हाई."

तिने रिकाम्या कपबश्या गोळा करायला घेतल्या. सुभेदारांनी बाकीचे साठही फोटो गोळा करून लिफाफ्यात घातले आणि भावाला परत दिले. तो एक ठेवून घेतला. "शनवारचं जा," ते म्हणाले. "पर ह्याला संगं न्यायाचं. म्होरल्या टेबलावर बसवायाचं. आन् कॅमेरा घरी."

तो सबंध हिवाळा आमचे फोटोवाले दर शनिवारी साताऱ्याच्या पबात पुढच्या टेबलावर सोडा पीत बसले. समोर कोणी मोबाइल उचलला की त्यांचा हात टेबलाखाली जाई आणि सोड्याचा ग्लास लपे. वडूजला तो फोटो लावायचा ठरला तेव्हा फ्रेम करण्याचे काम त्यांनीच घेतले, आणि चौकटीच्या आत पांढरा पुठ्ठा असा बसवला की खालच्या बाजूला तो चांगला चार बोटे रुंद झाला. माझा ग्लास त्याखाली गेला. सुभेदारांनी पुठ्ठा काढला नाही. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते फोटो दाखवतात आणि खालच्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवून सांगतात, "हितं ग्लास हाय. भावानं झाकलाय."

पुतणीला नंतर बंगळूरला चांगली नोकरी लागली. बँड मोडला. ड्रमवाला कुपवाडलाच गाड्यांचे सीट कव्हर शिवतो. परवा डिसेंबरात साताऱ्याला एका कामासाठी मी निघालो तेव्हा फोटोवाले म्हणाले, मी पण येतो. काम काय, ते त्यांनी सांगितले नाही. संध्याकाळी आम्ही त्याच पबात त्याच टेबलावर बसलो. मंचावर दुसरीच मुले होती. त्यांनी एक संथ गाणे घेतले. माझा मोबाइल हातात होता. काकांच्या ग्लासाखाली पाण्याचे वर्तुळ धरले होते. ते रुमालाने पुसायला त्यांनी ग्लास उचलला आणि तसाच हातात धरून बसले.

तो फोटो माझ्याकडे आहे. माकडटोपीच्या खाचेतून उजवा डोळा दिसतो, डाव्याची नुसती पापणी. दोन्ही मिटलेले आहेत. ग्लास स्वच्छ दिसतो आहे. त्यांच्या नियमाने हा फोटो दोन्ही कारणांनी बाद ठरेल, म्हणून मी तो त्यांना अजून दाखवलेला नाही. विचारलेच तर बोट लागले, असे सांगणार आहे.